पळून गेलेल्या नवऱ्यांना कोण शोधतंय?

एक स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. समोर तपासणीच्या टेबलावर पेशंट तयार आहे आणि हा माणूस तिच्याकडे ढुंकूनही न बघता पावावर पाते, म्हणजे मांसाचा मऊ लगदा, थापून चवीनं खात बसला आहे. बायकांची शरीरं तपासून तपासून त्याला इतका वीट आलाय की आता त्याला फक्त जेवायचंय. थोड्या वेळानं तो दवाखाना, बायको, संसार सगळं टाकून रस्त्यावर येतो. तिथं त्याच्यासारखाच वैतागलेला आणखी एक गृहस्थ भेटतो. दोघांची पूर्वीची ओळख नाही, पण एकमेकांचं दुखणं त्यांना तोंड बघूनच कळतं. मग गाडी पकडून दोघं खेड्यात पळतात. फ्रेंच दिग्दर्शक बेर्त्राँ ब्लिएचा १९७६ सालचा सिनेमा 'काल्मोस' असा सुरू होतो. फ्रेंच बोलीतल्या या शब्दाचा अर्थ साधारण 'जरा दमानं घ्या' असा. डॉक्टर झालाय जाँ-पिएर मारिएल आणि दुसरा जाँ रोशफोर. दोघांनाही झुपकेदार मिशा आणि दोघांच्याही चेहऱ्यावर जन्मभर झोप न मिळालेल्या माणसाचा भाव.

गेल्या महिन्यात पुण्यात एका मित्राच्या हॉलमध्ये आम्ही अकराजणांनी हा सिनेमा पाहिला. आठ पुरुष, तीन बायका. पावाच्या प्रसंगाला पुरुषांच्या बाजूनं असा हशा उठला की खालच्या मजल्यावरच्यांनी घंटी वाजवली. मध्ये चहाला थांबलो आणि वाद पेटला. एक म्हणाला, असले सिनेमे डब्यात घालून डबा हरवून टाकावा. दुसरा म्हणाला, "अहो, शहात्तर साल आहे. त्या काळी असंच होतं. विनोद आहे, विनोद म्हणून घ्या." यजमानीणबाई, म्हणजे वहिनी, चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या खेड्यात ताटं कोण उचलतंय?" त्यावर पुन्हा सगळे हसले, आणि प्रश्न तिथंच राहिला.

आमचा वाद काही नवीन नव्हता. फ्रान्समध्ये तो डिसेंबर २०२३ पासून जोरात चालू आहे. प्रसिद्ध नट जेरार दपार्द्यूची बायकांबद्दलची अश्लील बडबड एका टीव्ही माहितीपटात सगळ्या देशानं ऐकली, आणि नाताळच्या दिवशी 'ल फिगारो' या दैनिकात पन्नासएक कलावंतांचं पत्र आलं. दपार्द्यूला पुसून टाकू नका, असा त्याचा सूर होता. सही करणाऱ्यांत ब्लिएही होता. ते साहजिकच म्हणायचं, कारण १९७४च्या 'ले वाल्सोज'मधून दपार्द्यूला घरोघरी पोचवला तो त्यानंच. मे २०२५मध्ये पॅरिसच्या न्यायालयानं एका चित्रीकरणाच्या वेळी दोन स्त्रियांवर केलेल्या लैंगिक हल्ल्याबद्दल दपार्द्यूला दोषी ठरवलं आणि अठरा महिन्यांची स्थगित शिक्षा दिली. त्यानं अपील केलं. ब्लिए त्याआधीच, २० जानेवारी २०२५ला गेला. मृत्युलेखांतही तीच रस्सीखेच: एका बाजूला 'फ्रेंच सिनेमाचा शेवटचा निर्भीड माणूस', दुसऱ्या बाजूला 'बायकांचा तिरस्कार विकणारा'.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. 'डब्यात घाला' आणि 'विनोद म्हणून घ्या' हे दोन्ही पक्ष एकमेकांवर कितीही गुरकावले तरी एका बाबतीत त्यांचं छान जमतं. सिनेमा नीट बघायची दोघांनाही गरज वाटत नाही. 'काल्मोस' दाखवला पाहिजे, आणि तो निरुपद्रवी आहे म्हणून मुळीच नाही. लग्नाच्या बाबतीत पुरुष स्वतःशी केवढं मोठं खोटं बोलतो हे इतक्या उघडपणे, आणि तेही नकळत, सांगणारा दुसरा सिनेमा मला माहीत नाही.

आधी 'त्या काळी असंच होतं' याचा समाचार घेऊ, कारण हे वाक्य आपल्याकडेही फार स्वस्त झालंय. कुठल्या काळी? १९७१च्या एप्रिलमध्ये ३४३ फ्रेंच स्त्रियांनी 'आम्ही गर्भपात केला आहे' असं सही करून जाहीर केलं, तेव्हा तो गुन्हा होता. १९७२मध्ये बोबिन्यीच्या खटल्यात एका अल्पवयीन मुलीच्या गर्भपातावरून सगळा देश हादरला. जानेवारी १९७५मध्ये आरोग्यमंत्री सिमोन व्हेल यांचा गर्भपाताला परवानगी देणारा कायदा झाला, आणि ते अख्खं वर्ष संयुक्त राष्ट्रांनी महिला वर्ष म्हणून जाहीर केलेलं होतं. 'काल्मोस' पडद्यावर आला तो याच्या पाठोपाठ. म्हणजे त्या काळी बायका गप्प होत्या म्हणून असा सिनेमा निघाला, हे साफ उलटं आहे. बायका बोलायला लागल्या म्हणून तो निघाला. तो काळाचं प्रतिबिंब म्हणून बघण्यापेक्षा काळाशी घातलेली हुज्जत म्हणून बघावा. आणि लोकांना तेव्हा हेच आवडत होतं म्हणावं, तर 'ले वाल्सोज'ला रांगा लावणाऱ्या फ्रेंच प्रेक्षकानं 'काल्मोस'कडे पाठ फिरवली. त्या काळातल्या माणसांनाही तो पचला नव्हता. आपण त्यांच्या वतीनं एवढे उदार कशाला व्हायचं?

असला विनोद कधी जन्माला येतो याची वेळ बघण्यासारखी असते. १८८४मध्ये पुण्यात मुलींचं हायस्कूल निघालं, आणि 'शिकलेली बायको नवऱ्याला चहा करायला लावते' छापाची प्रहसनं मराठीत त्याच सुमारास जोरात होती. मुली शिकत नव्हत्या तोवर कुणाला शिकलेल्या मुलीचा विनोद सुचला नव्हता. टिंगल ही बहुतेक वेळा पावती असते. समोरच्याचं काहीतरी खरंच पुढं सरकलंय, याची.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात जड मुद्दा, आणि तो मला मान्य आहे. काळा विनोद सभ्य असू शकत नाही. कुणालाच न बोचणारा काळा विनोद म्हणजे तिखट न घातलेला तांबडा रस्सा. लग्नावरचा सिनेमा क्रूर नको म्हणणारा माणूस लग्न किंवा सिनेमा, यातलं काहीतरी ओळखत नाही. दुसरं असं की 'काल्मोस'चा पहिला अर्धा तास खोटा नाही. त्या दोघांना दुसरी बाई नकोय, हे लक्षात घ्या. घरातून पळणारा नवरा सिनेमात एरवी दुसरीकडे जायला पळतो. हे दोघं जेवायला, दारू प्यायला आणि गप्प बसायला पळतात. खेड्यात त्यांना एक पाद्री भेटतो (ही भूमिका ब्लिएच्या वडिलांची, बर्नार ब्लिए यांची), आणि मग टेबलाभोवती बसून चघळणं, ओरपणं, ढेकर देणं. १९६८च्या विद्यार्थी-बंडानंतरच्या फ्रान्समध्ये 'मुक्त' व्हायची जी नवी सक्ती आली होती, सतत इच्छा असलीच पाहिजे, सतत सिद्ध केलंच पाहिजे, तिला दोन पन्नाशीकडे झुकलेले पुरुष पावाचा तुकडा तोंडात ठेवून 'आम्हाला नको' म्हणतात. पुरुषाच्या थकव्याबद्दल इतकं सरळ बोलणारे सिनेमे किती आहेत? तो थकवा खरा आहे. आमच्या हॉलमधला हशाही सगळा काही दुष्टपणाचा नव्हता. त्यात कुठंतरी सुटकेचा उसासाही होता, आणि मीही हसलो होतो.

पण थकवा खरा असला म्हणून त्याचं निदान खरं ठरत नाही. नेमका इथंच सिनेमा घसरतो.

पुरुषांनी बायकांशी असहकार पुकारला, ही कल्पना जुन्याच एका कल्पनेला उलटी करून घातलेली आहे. इ.स.पू. ४११मध्ये अॅरिस्टोफेनीसनं अथेन्सच्या रंगभूमीवर 'लिसिस्ट्राटा' आणलं. तिथं बायका नवऱ्यांना शय्येपासून तोडतात, अॅक्रोपोलिस टेकडीवरचा खजिना ताब्यात घेतात आणि म्हणतात, आधी युद्ध थांबवा. नाटक चावट आहे, 'काल्मोस'हून रेसभरही कमी नाही. पण त्या बायकांच्या संपाला मागणी आहे. ती मान्य झाली की संप संपतो. आता आपल्या फ्रेंच गृहस्थांना विचारा, की बाबांनो, तुमची मागणी काय? बायकोनं काय केलं म्हणजे तुम्ही परत याल? सिनेमाभर याचं उत्तर नाही. लालबागच्या कुठल्याही गिरणी कामगाराला आपली मागणी झोपेतून उठवून विचारली असती तरी सांगता आली असती. मागणी नसलेल्या संपाला आपल्याकडे दांडी म्हणतात.

मागणी का नाही? कारण मागण्यासारखं फारसं काही उरलेलंच नव्हतं. नेपोलियनच्या १८०४च्या संहितेत कलम २१३ होतं: नवऱ्यानं बायकोला संरक्षण द्यायचं, बायकोनं नवऱ्याची आज्ञा पाळायची. आज्ञापालनाचं ते कलम गेलं १९३८मध्ये, पण कुटुंबप्रमुख नवराच राहिला, तो थेट १९७०पर्यंत. १३ जुलै १९६५च्या कायद्यापर्यंत नवरा फ्रेंच बायकोच्या नोकरीला आडवा येऊ शकत होता, आणि तिला स्वतःच्या नावावर बँकेत खातं मोकळेपणी उघडता येत नव्हतं. व्यभिचाराला १८१०च्या दंडसंहितेत बायकोसाठी तीन महिने ते दोन वर्षं कैद, आणि नवऱ्याला नुसता दंड, तोही त्यानं दुसरी बाई घरातच आणून ठेवली तर. बायकोला राहत्या घरात परपुरुषाबरोबर पकडून ठार मारणाऱ्या नवऱ्याला त्याच संहितेत सवलत होती. ही कलमं गेली ११ जुलै १९७५च्या कायद्यानं, ज्या कायद्यानं परस्परसंमतीनं घटस्फोटाची वाटही मोकळी केली. तारखा शेजारी शेजारी ठेवून बघा. दीडशेहून जास्त वर्षं घराची किल्ली ज्याच्या खिशात होती तो माणूस, दुसऱ्या किल्लीवर बायकोचं नाव पडून वर्ष उलटत नाही तोच, घर म्हणजे तुरुंग आहे म्हणून भिंतीवरून उडी मारतो. दार उघडंच होतं की.

आता सिनेमाच्या उत्तरार्धाकडे येतो. बचाव करणारे तो 'नुसता वेडाचार' म्हणून सोडून देतात आणि विरोधकांना तिथं मळमळतं. माझ्या मते सगळा मामला तिथंच आहे. दोघांच्या मागोमाग देशभरातले पुरुष घरं सोडून निघतात. मग बायका काय करतात? फौज उभारतात. गणवेश, बंदुका, चक्क रणगाडा. पुरुषांची शिकार होते, पकडलेल्यांना एका प्रयोगशाळेत बांधून ठेवून बायका रांगा लावून त्यांचा उपभोग घेतात, आणि शेवटी तर सिनेमा सरळ स्त्रीदेहाच्या एका अवाढव्य गुहेत जाऊन पोचतो. आता हे भयस्वप्न आहे असं सगळे म्हणतात. भयस्वप्न? आपण नुसते उठून गेलो तर बायका आपल्यामागे रणगाडे घेऊन येतील, यापेक्षा गोड स्वप्न कुठल्या नवऱ्याला पडलंय? बाईपासून पळून जाण्याचा आव आणणारा हा सिनेमा आतून, बाईनं आपल्यामागे धावावं याची भूक आहे. रुसून जिन्यात जाऊन बसलेलं पोर जसं कान स्वयंपाकघराकडे लावून असतं, तसं. कुणी बोलवायला आलं नाही तर? ही खरी भीती. ती पडद्यावर आणायची ब्लिएची छाती झाली नाही, म्हणून त्यानं रणगाडा आणला.

आणि ती भीती खोटी नव्हती. कुणी जायचं ठरवलं की काय होतं, याचं खरं उदाहरण सिनेमाच्या काही महिने आधीच युरोपात घडलं होतं. २४ ऑक्टोबर १९७५ला आइसलंडमधल्या सुमारे ९० टक्के बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं. ऑफिसातलंही आणि घरातलंही. त्यांनी त्याला 'सुट्टीचा दिवस' म्हटलं. शाळा, बँका, मासळीचे कारखाने, दुकानं लटपटली. बापांनी मुलं ऑफिसात नेली. दुकानांतून सॉसेज संपले, कारण पटकन शिजवता येईल असं नवऱ्यांना तेवढंच सुचलं. रणगाडा नव्हता, गुहा नव्हती. नुसते संपलेले सॉसेज. पुढच्याच वर्षी तिथल्या संसदेनं स्त्री-पुरुष समानतेचा कायदा केला. एका दिवसात एका देशाला कळलं की ताटं कोण उचलत होतं. म्हणून वहिनींचा प्रश्न मला त्या संध्याकाळचा सगळ्यात चांगला समीक्षेचा मुद्दा वाटतो. ब्लिएचा सिनेमा त्या प्रश्नाशी क्षणभरही थांबत नाही. त्या जगात जेवण म्हणजे तोंडात जाणारी वस्तू. ती टेबलावर येते कशी आणि टेबलावरून जाते कुठं, हा प्रश्न पळालेल्या नवऱ्याला पडतच नाही. म्हणून तर त्याला वाटतं की आपण स्वतंत्र झालो.

घटस्फोटाचंही तेच. फ्रान्समध्ये लग्न मोडायला न्यायालयात आधी जाणाऱ्यांत बायकाच जास्त, आणि ही गोष्ट १९७५च्या कायद्याच्या फार आधीपासूनची आहे. म्हणजे प्रत्यक्षात दार उघडून बाहेर पडत होती ती बाई. पडद्यावर मात्र बाहेर पडतो पुरुष, आणि बाई त्याला परत ओढायला धावते. घडत होतं त्याच्या बरोबर उलटं. माणूस इतकं उलटं चित्र काढतो तेव्हा त्याला चित्रकला येत नाही असं समजायचं नसतं. त्याला काय बघायचं नाही ते त्यातून कळतं.

'मग लग्नावर काळा विनोद करायचाच नाही का?' असं हॉलमध्ये मला कुणीतरी विचारलंच. करायचा, आणि फ्रेंच लोकांनीच तो कसा करायचा ते दाखवलंय. दिग्दर्शक गोदारचा १९६७चा 'वीकेंड' घ्या. कोरिन आणि रोलाँ हे मध्यमवर्गीय जोडपं सासऱ्याची इस्टेट गटवायला मोटारीतून सासुरवाडीला निघालंय. गरज पडली तर खून करायचीही तयारी आहे, आणि ते काम झालं की एकमेकांचा काटा कसा काढायचा याचा बेत दोघांच्याही डोक्यात स्वतंत्रपणे शिजतोय. वाटेत वाहतूक तुंबलेली. कॅमेरा सात-आठ मिनिटं रस्त्याकडेनं संथपणे सरकत राहतो. भोंगे, पिकनिकला बसलेली कुटुंबं, पिंजऱ्यातली जनावरं, गाड्यांतूनच एकमेकांकडे चेंडू फेकणारी माणसं, आणि रांगेच्या टोकाला रस्त्यावर रक्तात पडलेली प्रेतं. त्या प्रेतांना बगल देऊन आपलं जोडपं वेगानं पुढं. पुढं अपघातात गाडी पेटते तेव्हा कोरिन किंचाळते ती तिच्या एर्मेसच्या महागड्या पर्ससाठी. शेवटी ती जंगलातल्या नरभक्षक क्रांतिकारकांत सामील होते, ताटातल्या मांसात नवऱ्याचाही वाटा आहे हे तिला सांगितलं जातं, आणि ती थोडं आणखी घेईन म्हणते.

याहून काळा विनोद लग्नावर झालेला नाही. तरी त्यात मला 'काल्मोस'सारखं चोरट्यासारखं वाटत नाही. का? कारण गोदार गाडीत बसलेल्या दोघांपैकी एकाच्या खिडकीतून बघत नाही. मोटार, इस्टेट, पर्स आणि लग्न एकाच रांगेत अडकलेत, आणि रांग संपते कुठं हे तो दाखवतो. ब्लिएला रस्ता हवा असतो तो फक्त घरापासून लांब जाण्यासाठी. गोदारच्या रस्त्यावर घर गाडीच्या डिकीत सोबतच असतं.

दिग्दर्शिका आन्येस वार्दाचं 'ल बोनर' (म्हणजे 'सुख') तर आणखी भयानक, आणि त्यात एकही किंकाळी नाही. एक सुतार, त्याची शिवणकाम करणारी बायको, दोन गोड मुलं, रविवारची सहल, सूर्यफुलं, मोत्सार्ट. तो पोस्टातल्या एका मुलीच्या प्रेमात पडतो आणि निरागसपणे बायकोला सांगतो, की माझं सुख वाढलंय गं, तुझं काही कमी झालेलं नाही. बायको ऐकून घेते. थोड्या वेळानं ती तळ्यात मेलेली सापडते. काही दिवसांनी तीच सहल, तीच मुलं, तेच रंग, फक्त बायकोच्या जागी पोस्टातली मुलगी. बायको बदलली तरी मुलांच्या दुधाची वेळ चुकत नाही. तो सुतार दुष्ट नाही, प्रेमळ आहे, हीच त्यातली गंमत. खऱ्या आयुष्यातलं नवरा-बायकोचं जोडपं, त्यांच्या स्वतःच्या मुलांसकट घेऊन वार्दानं हा सिनेमा १९६५मध्ये केला. फ्रेंच बायकोला आपल्या नावावर खातं उघडता यावं म्हणून कायदा झाला, त्याच वर्षी. हसू येतं का? मला दुसऱ्यांदा बघताना आलं, आणि लाज वाटली. काळ्या विनोदाचं काम एवढंच असतं.

ब्लिएवर अन्याय नको म्हणून त्याचाच १९७८चा सिनेमा आठवतो, ज्याला परभाषिक सिनेमाचं ऑस्कर मिळालं. सुरुवातीलाच एका रेस्तराँत दपार्द्यू आपल्या उदास बायकोसाठी शेजारच्या टेबलावरचा परका पुरुष, म्हणजे पात्रिक दवेर, पसंत करून मोकळा होतो. ती हसली पाहिजे, एवढीच त्याची धडपड. बायको गप्प राहून विणत राहते, आणि हळूहळू सिनेमातल्या सगळ्या पुरुषांच्या अंगावर तिनं विणलेले एकसारखे स्वेटर दिसायला लागतात. दोन बुद्धिमान पुरुष तासन्‌तास तिच्या दुःखाची चर्चा करतात, मोत्सार्टची रेकॉर्ड लावतात, आणि अंगातल्या स्वेटरकडे मात्र बघत नाहीत. इथं विनोद सांगणाऱ्यावर परत येतो. पुढं तेरा वर्षांच्या मुलाचा जो धागा येतो तो मात्र मला आज बघवत नाही, आणि त्याचं समर्थन करायला मी जाणार नाही. पण दोन वर्षांत तोच दिग्दर्शक रणगाड्यावरून स्वेटरवर आला, हे सिनेमे डब्यात घालून कळलं असतं का?

डबा बंद करा म्हणणाऱ्यांचा खरा जोर वेगळ्या मुद्द्यात आहे, आणि तो मला शेवटपर्यंत सतावतो. पडद्यावरचा विनोद पडद्यावर राहत नाही. आठ पुरुष हसतात त्या खोलीत बसलेल्या तीन बायकांसाठी तो हशाच घटना असतो. मान्य. शिवाय ज्या चित्रपटसृष्टीत 'निर्भीडपणा' हेच सगळ्या गैरवर्तनाचं पांघरूण होतं, तिथं असले सिनेमे त्या पांघरुणाचे धागे होते, हेही मान्य. तरी दोन गोष्टींची गल्लत होतेय. न्यायालयानं दपार्द्यूला दोषी धरलं ते चित्रीकरणाच्या ठिकाणी त्यानं खऱ्या बायकांशी जे केलं त्याबद्दल. त्यानं पडद्यावर काय केलं, याचा तो निवाडा नव्हता. माणसाला जबाबदार धरायला त्याच्या भूमिका जाळाव्या लागत नाहीत. उलट भूमिका जाळल्या की 'त्या काळी असंच होतं' म्हणणाऱ्याचं फावतं, कारण त्या काळी कसं होतं ते तपासायला काही उरतच नाही.

आणि तपासायची गरज संपलेली नाही. ब्लिए गेल्यानंतर तीनच दिवसांनी, २३ जानेवारी २०२५ला, युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं फ्रान्सविरुद्ध निकाल दिला. नवऱ्याशी शरीरसंबंधांना नकार दिला म्हणून व्हर्सायच्या अपील न्यायालयानं २०१९मध्ये एका बाईला घटस्फोटात एकटीला दोषी ठरवलं होतं. ते तिच्या खासगी आयुष्याच्या हक्काचं उल्लंघन आहे, असं स्ट्रासबुर्गच्या या न्यायालयानं सांगितलं. मराठी वाचकाला इथं रखमाबाई आठवल्याशिवाय राहणार नाहीत. १८८४मध्ये त्यांचा नवरा दादाजी भिकाजीनं मुंबईच्या न्यायालयात दावा लावला, १८८७मध्ये निकाल आला की नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. तुरुंग पत्करीन, म्हणाल्या बाई. नांदायला लावण्याचा तो दावा ज्या इंग्लंडमधून आला तिथं तो १९७०मध्ये रद्द झाला. आपल्या हिंदू विवाह कायद्यात कलम ९ म्हणून तो अजून आहे. तेव्हा 'बायका पुरुषांच्या देहावर हक्क सांगतात' हे ब्लिएचं प्रयोगशाळेतलं दुःस्वप्न आणि खरोखर कुणी कुणाच्या देहावर कायद्यानं हक्क सांगितला याचा दफ्तरी पुरावा, हे दोन्ही एकाच बैठकीत बघायला हवेत. फौज कुणाकडे होती? न्यायालय, पोलीस, बँक आणि चर्च एका बाजूला असताना रणगाडा दुसरीकडे दाखवायचा, ही विनोदाची कमाल आहे खरी. 'विनोद म्हणून घ्या' म्हणणाऱ्या माझ्या मित्राला मी हेच सांगितलं: घेतो. पण विनोद म्हणून घ्यायचा तर तो कुणावर आहे हेही बघायला लागेल.

म्हणून माझी सूचना होती की पुढच्या बैठकीला वार्दाचाच १९७७चा सिनेमा लावू. दोन मैत्रिणी, त्यातली एक गात गात व्हॅनमधून फ्रान्सभर हिंडते, आणि बोबिन्यीच्या न्यायालयाबाहेरच्या गर्दीत दोघींची पुन्हा गाठ पडते. तोही एका अर्थी घर सोडून रस्त्यावर आलेल्यांचाच सिनेमा. 'काल्मोस'नंतर साधारण वर्षभरानं आलेला. त्यात कुणी कुणाच्या मागे रणगाडा घेऊन येत नाही. ज्याला यायचंय तो येतो, नाहीतर व्हॅन पुढं जाते. मित्रानं शंका काढली, "त्यात विनोद आहे का पण?" आहे, म्हटलं, फक्त तुझ्या आवाजात नाही.

राहिली आमची ती संध्याकाळ. चहानंतर उरलेला सिनेमा पाहिला. रणगाडा आला, प्रयोगशाळा आली, गुहा आली. आमची बाजू हसतच होती, मात्र थोडं कमी. सिनेमा संपला, दिवे लागले, तेव्हा लक्षात आलं की हॉलमधल्या तिन्ही खुर्च्या रिकाम्या आहेत. स्वयंपाकघरात कुणी नाही, गॅलरीत कुणी नाही. मित्र चपला घालून जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. पंधराएक मिनिटांनी तिघी वर आल्या. कोपऱ्यावर मस्तानी खाऊन आल्या होत्या.

"अगं, सांगून तरी जायचं," मित्र म्हणाला.

"सांगितलं होतं," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही हसत होतात."